मांडवाखालचा हात

भागीबाईला पहिला हात एका शिबिरात मिळाला. तो गोरा होता.

भागीबाई सावळी. पेठ तालुक्यात डोंगराच्या कडेला तिचा पाडा, आणि सगळा जन्म उन्हात गेलेला. तिच्या डाव्या कोपराखाली तो गोरापान हात बसला तेव्हा पाड्यावरच्या बायका बघायला आल्या. हाताला पाच बोटं होती. बोटांना नखं होती. तळव्यावर रेषासुद्धा होत्या. धाकट्या जावेने नखांना लाल नेलपॉलिश लावलं. कुणी म्हणालं, हात इकडे कर, भविष्य सांगते. भागीबाईही सगळ्यांबरोबर हसली. मग तिने तो हात पत्र्याच्या पेटीत ठेवून दिला. लग्नकार्याला आणि फोटोला तो बाहेर निघायचा. एरवी त्याला काही येत नव्हतं.

तिचा स्वतःचा हात तीन वर्षांपूर्वी गेला. निफाडकडच्या एका मळ्यात गाईंचा चारा कापायचं कुट्टीयंत्र चालू होतं. वैरण आत सरकवताना बांगडी अडकली. एवढंच ती सांगते. पुढचं कुणी विचारलं तर गाईंबद्दल बोलायला लागते. नाशिकला ऑपरेशन झालं. कोपराखाली वीतभर हात वाचला. डॉक्टर म्हणाले, नशीब. ती म्हणाली, होय.

पाड्यावरची नागली आणि भात दिवाळीपर्यंत घरात येतं. मग माणसं खाली उतरतात. खाली म्हणजे दिंडोरी, निफाड, द्राक्षांच्या मुलखात. भागीबाईचा नवरा देवराम म्हातारी आई आणि जनावरं सांभाळत घरी थांबायचा. भागीबाई चंद्रभागाबाईच्या टोळीत जायची. चंद्रभागाबाई देवरामची थोरली चुलत बहीण आणि टोळीची मुकादम. बाराजणींची टोळी. मुक्काम बागेच्या कडेला, पत्र्याच्या शेडमध्ये. काम विरळणीचं.

द्राक्षाच्या घडात मणी दाटीने लागतात. सगळे ठेवले तर एकही धड वाढत नाही. म्हणून मणी ज्वारीएवढे असतानाच निमुळत्या कात्रीने मधले मणी काढून टाकायचे. डाव्या हातात घड, उजव्या हातात कात्री. वेली डोक्यावरच्या मांडवावर पसरलेल्या असतात, त्यामुळे दिवसभर मान वर आणि दोन्ही हात वर. काम लांबलं तर मणी फुगून एकमेकांना चिकटतात, कात्री आत जात नाही. एका बागेला दहा-बारा दिवस मिळतात. त्यात काय ते उरकायचं.

या कामात भागीबाईला तोड नव्हती. तिची कात्री वाजायची नाही. मणी पडायचे, पण कधी कापले ते दिसायचं नाही. बागेचे मालक आपल्या पोरांना तिच्या ओळीत आणून उभं करायचे आणि म्हणायचे, बघा.

हात गेल्यावरही टोळीने तिला सोडलं नाही. ती बरोबर यायची, पण रांधायला. परात भिंतीला टेकवून एका हाताने पीठ मळायची, एका हाताने भाकरी थापायची. बाराजणींच्या भाकरी, दोन वेळा. टोळीचं काम उक्तं असतं आणि वाटा सगळ्यांना सारखा. चंद्रभागाबाईने तिचा वाटा कधी कमी केला नाही. त्यावर कुणी ब्रही काढला नाही. नेमकं तेच तिला सलायचं. दुसऱ्या हंगामानंतर घरी गेल्यावर ती देवरामला म्हणाली, "एखादी भांडली असती तर बरं वाटलं असतं."

देवरामला ते कळलं नाही. तो म्हणाला, मिळतंय ना.

तिला ओळ हवी होती. बागेत सकाळी मुकादम प्रत्येकीला वेलींची एक ओळ लावून देते. ती ओळ दिवसभर तिची. चांगली झाली तर तिची, बिघडली तरी तिचीच. दोन हंगाम भागीबाईला ओळ नव्हती. तिने पाड्यावर असतानाच चंद्रभागाबाईला विचारलं. चंद्रभागाबाईने पान खाल्लं, पिंक टाकली, मग बोलली.

"ओळ मागून मिळत नाय, भागी. कापून मिळते."

"मग कापते."

"तीन दिवस देते. टोळीच्या जोडीनं चाललीस तर ओळ तुझी. मागं पडलीस तर चूल. मला बाराजणींचं बघायचंय. एक ओळ वाईट दिसली तर मालक सगळ्यांनाच वाटेला लावतो."

भागीबाईला हे रास्त वाटलं. कुणीतरी तिच्याशी सरळ बोलत होतं.

आता हात हवा होता, आणि पेटीतला नको होता. पाड्यावर येणाऱ्या आशाताईने एक पत्ता दिला. नाशिकमध्ये एका दवाखान्याच्या मागच्या अंगाला हातपाय बनवायचं लहानसं केंद्र होतं. भागीबाई एस.टी.ने पेठ नाक्यावर उतरली आणि रिक्षा करून तिथे पोचली. आत प्लास्टरचा वास होता. भिंतीला ओळीने पाय टांगलेले होते, लहान मुलांचे, मोठ्यांचे. टेबलामागे सुवर्णा बसली होती. तिशीची, नाशिकरोडला वाढलेली, हातावर पांढरी पूड. तिने भागीबाईचा उरलेला हात आपल्या दोन्ही हातात घेऊन नीट पाहिला. इतक्या शांतपणे तो कुणी धरला नव्हता. डॉक्टर धरायचे तेव्हा घाईत असायचे आणि घरचे धरायचे तेव्हा रडायचे.

"काम काय करता, ताई?"

"द्राक्षाचं."

सुवर्णाने कागदावर लिहिलं, द्राक्ष. पुढे दोघींनाही त्यात काही विचारण्यासारखं वाटलं नाही.

दुसरा हात तयार व्हायला दोन महिने लागले. तो हातासारखा दिसत नव्हता. कोपराखाली घट्ट बसणारी प्लास्टिकची नळी आणि तिच्या टोकाला पोलादी आकडा, चिमट्यासारखा दोन पात्यांचा. आकड्याला सायकलच्या ब्रेकसारखी तार. तार दंडावरून पाठीमागे जायची आणि उजव्या काखेतून घेतलेल्या पट्ट्याला जोडलेली असायची. हात पुढे ढकलला की तार ताणायची आणि आकडा उघडायचा. हात सैल सोडला की रबराच्या ताणाने मिटायचा. त्यात वीज नाही, बॅटरी नाही. सगळं खांद्याच्या जोरावर.

भागीबाई दर मंगळवारी येऊन टेबलाशी बसायची. पहिल्या मंगळवारी तिने पेला उचलला. दुसऱ्या मंगळवारी काडेपेटीतली काडी. चौथ्या मंगळवारी तिने कच्चं अंडं उचलून वाटीत ठेवलं आणि ते फुटलं नाही. सुवर्णाने त्याचा व्हिडिओ काढला. केंद्रातल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. भागीबाईला संकोच वाटला, पण तिने घरी जाऊन देवरामला तेच सांगितलं. अंडं नाय फुटलं.

नोव्हेंबरच्या शेवटाला टोळी निफाडजवळ रंगनाथ नानांच्या बागेत उतरली. नाना साठीचे, कमी बोलणारे. बाग निर्यातीची, त्यामुळे एकेका घडावर डोळा. सकाळी चंद्रभागाबाईने ओळी लावून दिल्या. भागीबाईच्या शेजारची ओळ सुमनबाईला आली. सुमनबाईची जीभ टोळीत प्रसिद्ध होती. भागीबाईला दवाखान्यातून मिळालेल्या कार्डावर अपंगत्व सत्तर टक्के लिहिलेलं होतं, हे तिने ऐकलं होतं.

"सत्तर गेले म्हणं," सुमनबाई म्हणाली. "मग आमच्याकडं तीस टक्केच बाई आली का?"

"तीस टक्क्यांत तुझ्या पुढं जाते का नाय ते बघ."

बायका हसल्या. भागीबाईलाही बरं वाटलं. दोन वर्षांनी कुणी तिची थट्टा केली होती. पहाटे उठून सगळ्यांच्या भाकरी तिने उरकल्या होत्या. आता कात्री उजव्या हातात होती.

तिने आकडा वर नेला. घडाच्या देठाशी पोचेपर्यंत तो उघडला. चांगलं झालं, असं तिला वाटलं. मग घड धरायला तिने खांदा सैल केला. आकडा मिटेना. हात वर असेपर्यंत तो उघडाच राहिला. घड वाऱ्यावर झुलत होता आणि कात्री त्याच्यामागे फिरत होती. तिने हात थोडा खाली घेतला. आकडा खाडकन मिटला, देठ आत सापडला आणि घड तुटून तिच्या पायाशी पडला.

दुपारपर्यंत तीन घड पडले. नाना ओळीतून आले. त्यांनी तिन्ही घड उचलून आपल्या टॉवेलवर ठेवले. मग चंद्रभागाबाईला हळू आवाजात म्हणाले, आक्का, जरा बघा.

त्या टोळीची एक रीत होती. एखादीची ओळ मागे राहिली की जिची संपली असेल ती तिच्या ओळीत समोरच्या टोकाने शिरायची आणि कापत कापत तिला भेटायची. त्याचं कुणाला काही वाटायचं नाही. पण तीन वर्षांपूर्वीपर्यंत समोरून जाणारी नेहमी भागीबाईच असायची. त्या संध्याकाळी तिच्या ओळीत समोरून चंद्रभागाबाई आली, मागून आणखी दोघी. चौघी मिळून ओळ संपली. सुमनबाईसुद्धा काही बोलली नाही. ते सगळ्यांत वाईट.

शेडमध्ये परतल्यावर भागीबाईने पट्टा सोडला. खांद्यावर लाल वळ उठले होते. ती म्हणाली, उद्या नाशिकला जाऊन हे देऊन येते.

चंद्रभागाबाईने आकडा उचलून उलटसुलट पाहिला. मग म्हणाली, "तीन दिलेत. एक गेला. दोन बाकी हायत, ते मी ठेवते. जाऊन ये."

केंद्रात भागीबाईने हात धुतलेल्या फडक्यात गुंडाळून टेबलावर ठेवला.

"मॅडम, हात चांगला हाय. मलाच जमत नाय. दुसऱ्या कुणाच्या कामाला येईल."

सुवर्णाला असे लोक माहीत होते. सवय होण्याआधीच हात परत करणारे. तिने समजूत घातली, हात पुन्हा चढवायला लावला, पुन्हा पेला मांडला, काडी मांडली. भागीबाईने सगळं उचललं.

"जमतंय की."

"हे जमतंय. द्राक्ष जमत नाय."

"द्राक्षात वेगळं काय असतं, ताई?"

भागीबाईने तिच्याकडे पाहिलं. नाशिकची शिकलेली बाई, आणि द्राक्षात काय असतं असं विचारते. उत्तर द्यायच्याऐवजी ती उठून उभी राहिली आणि मांडवाखाली धरावेत तसे दोन्ही हात डोक्यावर धरले.

आकडा आपोआप उघडला.

तिने हात खाली घेतला. आकडा मिटला. पुन्हा वर नेला. पुन्हा उघडला.

सुवर्णा खुर्चीत मागे टेकली. पट्टा तिने स्वतः बांधला होता, तारेची लांबी स्वतः ठरवली होती. हात वर गेला की खांद्यामागची तार ताणणार, आणि तार ताणली की आकडा उघडणार. हे तिला शिकवलेलं होतं, येत होतं. पण एवढ्या मंगळवारांत तिने भागीबाईला एकदाही हात वर करायला सांगितलं नव्हतं. सगळी परीक्षा टेबलावर झाली होती. सुवर्णाने जन्मभर द्राक्षं पाहिली होती, खाल्ली होती, पेटी भरून नातेवाइकांकडे नेली होती. गाडीवर, क्रेटमध्ये, ताटात. द्राक्षाचं काम म्हटल्यावर तिच्या डोळ्यांसमोर बायका पेट्या भरताना आल्या होत्या. आणि भागीबाईने सांगितलं नव्हतं, कारण द्राक्ष डोक्यावर असतं हे काय नाशिकच्या माणसाला सांगायचं?

"ताई, तुमचं नाही," सुवर्णा म्हणाली. "माझं चुकलं."

भागीबाई गोंधळली. दवाखान्यात, कचेरीत, बँकेत, आजवर टेबलापलीकडच्या कुणीही तिला हे म्हटलं नव्हतं. ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या." मग पाणी मागून प्यायली.

दुसऱ्या दिवशी सुवर्णा रजा टाकून स्कूटरवर बागेत आली. चंद्रभागाबाईने आधी तिला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. मग आपली कात्री तिच्या हातात दिली आणि म्हणाली, मॅडम, एक घड करून दाखवा. सुवर्णाने डाव्या हाताने घड घट्ट धरला. आजूबाजूच्या ओळींतून एकदम आवाज आले, दाबू नका, दाबू नका.

"मणी हायत ते," सुमनबाई म्हणाली. "शेंगा नायत फोडायच्या."

सुवर्णाने एक घड केला. दुसरा अर्धा झाला. दहा मिनिटांत तिचे दंड थरथरायला लागले, मान अवघडली, डोळ्यांत कचरा पडला. तिने हात खाली घेतले आणि ओळीत वर पाहिलं. बायका बोलत होत्या, हसत होत्या, आणि त्यांचे हात वरच होते. नंतर तिने सांगितलं की त्या वेळी तिला लाज वाटली नाही, दुसरंच काहीतरी वाटलं. आपण ज्यांच्यासाठी हात बनवतो ते हात काय करतात हे आपल्याला कुणीतरी आज दाखवतंय, असं.

तिने भागीबाईला विचारलं, पूर्वी डावा हात नेमकं काय करायचा?

भागीबाईने कात्री खाली ठेवली आणि उजव्या हाताने दाखवलं. पहिली दोन बोटं फाकवली, घडाच्या देठाखाली बेचकीसारखी नेली. घड त्या बेचकीत बसला. मनगट जरासं वळवलं. घड फिरला, पाठीमागची बाजू समोर आली.

"धरत न्हवतेच मी," ती म्हणाली. तिलाही ते आत्ताच कळल्यासारखं होतं. "घडाला धरायचं नसतं. बसायला जागा द्यायची."

सुवर्णाने मंगळवारमागून मंगळवार खपून तिला धरायला शिकवलं होतं.

भागीबाई खाली वाकली. मांडवाखाली छाटणीच्या वाळक्या काड्या पडल्या होत्या. त्यातली एक बेचक्याची काडी तिने निवडली. डोंगरात मोहाची, आंब्याची फांदी खाली ओढायला आकडी वापरतात, तिची निवड लहानपणापासून हाताला माहीत असते. ती काडी तिने डाव्या हाताला बांधून घेतली. गाठ सुमनबाईने मारली. भागीबाईने हात वर नेला, घड काडीच्या बेचक्यात बसवला, कोपरातून हात वळवला. घड फिरला. कात्री चालली.

पाच घड झाले. सहावा नानांनी येऊन पाहिला. चष्मा वर करून त्यांनी मण्यांवरून बोट फिरवलं. "साल लागतेय काडीची. ओरखडा पडला की मणी मोठा झाल्यावर डाग दिसतो." एवढं बोलून ते निघून गेले. भागीबाईने हात खाली घेतला. आता हे नको म्हणतात की काय, असं तिला वाटलं. पाच मिनिटांनी नाना परत आले. त्यांच्या हातात ठिबकच्या मऊ नळीचे दोन तुकडे होते. "हे चढवून बघा टोकांवर."

त्या दिवशी सुवर्णाने मोजमापं घेतली ती बागेतच. मांडवाची उंची, देठाची जाडी, भागीबाईच्या दोन बोटांमधलं अंतर. तिसऱ्या दिवशी सकाळी ती पोलादी बेचकं घेऊन आली. जुनी प्लास्टिकची नळी तीच ठेवली होती. तार, पट्टा, चिमटा, सगळं काढून टाकलं होतं. टोकाला दोन बोटांचं बेचकं, त्यावर ठिबकची नळी. बेचकं जरा मोठं झालं होतं, घड त्यातून निसटत होता. नानांनी ट्रॅक्टरमधली पकड आणून दिली. सुवर्णा पोलाद दाबत गेली आणि भागीबाई सांगत गेली. अजून. अजून थोडं. आता बास.

चंद्रभागाबाईने कमरेवर हात ठेवून सगळं पाहिलं. मग म्हणाली, "झालं असंल तर उद्या येऊ दे. दोन दिवस शिल्लक हायत."

त्यातल्या पहिल्या दिवशी भागीबाई मागेच पडली. तीन वर्षांत मानेची सवय गेली होती. दंड भरून आले. दुपारच्या सुट्टीत तिने भाकरी खाल्ली नाही, आडवी झाली. पण घड एकही पडला नाही, आणि नाना तिच्या ओळीतून जाताना थांबले नाहीत. मालक थांबत नाही तेव्हा काम बरं असतं. संध्याकाळी तिच्या ओळीत समोरून चंद्रभागाबाई आली. सहा वेली उरल्या होत्या. दोघींनी त्या संपवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने विचार करणं सोडून दिलं. विचार केला की बेचकं आठवायचं. न केला की हात आठवायचा. दहाच्या सुमाराला कात्रीचा आवाज बंद झाला. तो बंद झाल्याचं आधी सुमनबाईला कळलं. तिने मान वळवून पाहिलं, पुन्हा आपल्या घडाकडे वळली आणि तिचा हात जरा भरभर चालायला लागला. दोन ओळींच्या मधून अधूनमधून शब्द जात होते.

"किती झाल्या?"

"मोजत नाय मी."

"तू मोजायचीस पयले."

"तवा तुझ्यापुढं असायचे. आता बरोबर हाय. बरोबर असल्यावर काय मोजायचं."

ऊन कलल्यावर ओळी संपायला लागल्या. एकेक बाई बांधावर जाऊन बसली. आठजणी झाल्या, नऊ झाल्या. चंद्रभागाबाई उठली, पदर खोचला आणि समोरच्या टोकाकडे चालायला लागली. भागीबाईने पानांतून तिला येताना पाहिलं. तिच्या चार वेली उरल्या होत्या. पण हात थांबला नाही.

चंद्रभागाबाई तिच्या ओळीच्या तोंडाशी आली, आत डोकावली आणि पुढे गेली. शेजारच्या ओळीत शिरली. सुमनबाईच्या नऊ वेली उरल्या होत्या.

भागीबाईने आपल्या चार वेली कापल्या. शेवटच्या घडाला तिने गरजेपेक्षा जास्त वेळ दिला. मग ओळीच्या बाहेर आली. उन्हात तिचे डोळे दिपले. हात खाली केला तेव्हा तो जड वाटला, दोन्ही हात सारखेच जड. आपल्याला डावा हात दुखतोय, कामाने दुखतोय, याचं तिला किती बरं वाटलं ते तिने नंतर फक्त देवरामला सांगितलं. या खेपेला त्याला कळलं.

चंद्रभागाबाईने काही जाहीर केलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ओळी लावताना ती नेहमीच्या आवाजात म्हणाली, "भागी, सातवी." आणि पुढचं नाव घेतलं.

नाशिकच्या केंद्रात सुवर्णाने त्याच आठवड्यात छताखाली एक तार ताणून बांधली. आता तिथे कुणी हातासाठी आलं की आधी त्या तारेखाली उभं राहतं. नुसतं काम काय करता असं सुवर्णा विचारत नाही. काम कुठे असतं ते विचारते, डोक्यावर, कमरेशी की जमिनीवर, आणि करून दाखवायला सांगते. अंड्याचा व्हिडिओ तिने काढून टाकला नाही, पण कुणाला दाखवतही नाही. जानेवारीत भागीबाई तिच्यासाठी नागलीचे पापड घेऊन गेली. तुझे उपकार झाले, पोरी, असं म्हणायचं तिने एस.टी.त ठरवलं होतं. तिच्याआधी सुवर्णाच आभार मानू लागली. मग दोघींनाही हसू आलं आणि ते बोलणं तिथेच राहिलं. मॅडम म्हणणंही त्या दिवसापासून सुटलं.

पण सातव्या ओळीच्या त्या दिवशी संध्याकाळी वेगळाच प्रश्न उभा राहिला. बाराजणी शेडवर आल्या, हातपाय धुतले आणि सवयीने चुलीभोवती बसल्या. चूल थंड होती. भागीबाई सकाळपासून बागेत होती, आणि सकाळीच चंद्रभागाबाईने तिला दम दिला होता की ओळवालीने एकटीने बाराजणींचं रांधायचं नाही. आजपासून पाळी. पाळी कुणाची हे मात्र ठरलं नव्हतं. सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. दोन हंगामांत कुणी पिठाला हात लावला नव्हता.

"तुझा हात आला आणि आमची भाकरी गेली," सुमनबाई म्हणाली.

"मग बस तू. मी करते," भागीबाई उठायला लागली.

"तू बसून ऱ्हा," चंद्रभागाबाई म्हणाली. तिने परात ओढली, पीठ घेतलं, पाणी जास्त ओतलं, आणखी पीठ घातलं. बायका तोंडावर पदर धरून बघत होत्या. मुकादमीणबाई भाकरी थापताना कुणी पाहिली नव्हती. पहिली भाकरी तव्यावर टाकताना फाटली. दुसरी कशीबशी उतरली. एक बाजू काळी, कड कच्ची. चंद्रभागाबाईने ती भागीबाईच्या ताटात टाकली आणि तिच्याकडे न बघता म्हणाली, "खा गुमान."

भागीबाईने ताट मांडीवर घेतलं. दोन वर्षांनी तिला कुणी गरम भाकरी वाढली होती. तिने ती चटणीबरोबर खाल्ली, काळा भागसुद्धा, आणि ताट पुढे केलं.

"आणखी एक द्या, आक्का."